फोर बाय फोर आणि ओली काळी माती

चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी कुठलाही कच्चा चढ चढून जाते, असे अनेकांना वाटते. सोलापूर जिल्ह्यात या समजाला एक मोठी अट घालावी लागते: जमीन कोरडी हवी. चढ वाढतो तसा गाडीला मागे ओढणारा वजनाचा वाटाही वाढतो. 30 अंशांच्या चढावर तो वजनाच्या निम्मा होतो. त्याला तोंड देते ते टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण. बार्शीकडच्या बालाघाटाच्या उतारांवर कोरड्या, घट्ट मुरमाचा घर्षणांक 0.6 धरला, तर फोर बाय फोर गाडी तत्त्वतः सुमारे 31 अंशांचा चढ चढेल. दोनच चाके ओढणारी असतील आणि त्यांच्यावर निम्मेच वजन असेल, तर ही मर्यादा 17 अंशांच्या आसपास येते. फायदा खरा आणि मोठा आहे. पण घर्षणांक 0.2 वर आला, की फोर बाय फोरही 11 अंशांवर अडते.

पावसानंतर काळ्या मातीत नेमके हेच घडते. दख्खनच्या बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरते, माती फुगते आणि मऊ पडते. याच गुणामुळे ती ओल धरते आणि मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी पाऊस सरल्यावरही पोसली जाते. चाकाखाली मात्र ती टायरच्या खाचांत गच्च भरते. खाचा बुजल्या की टायर गुळगुळीत झाला म्हणायचे. मग ॲक्सिलरेटर दाबावा तितके चाक जागीच फिरत रुतत जाते. उतरतानाही सुटका नाही. ब्रेक तर प्रत्येक मोटारीत चारही चाकांना असतात, म्हणजे तिथे फोर बाय फोरचा वेगळा फायदा नाही, आणि लो गिअरमधले इंजिन गाडी धरून ठेवते तेही त्याच तुटपुंज्या घर्षणाच्या जोरावर.

टायरमधली हवा कमी केली तर? वाळूत त्याने खूप फरक पडतो, कारण वजन जास्त जागेवर पसरते. ओल्या काळ्या मातीत गाडी थोडी कमी रुतेल, पण माती निसरडीच राहील. मग ट्रॅक्टर कसा चालतो, असे कुणी विचारील. त्याची मागची चाके मोठी, खाचा खोल, वेग कमी. आणि तरीही जाणता शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे माती कामाजोगी सुकल्याशिवाय, तो रानात घालत नाही. ओल्या मातीवर चाक गेले की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरायचे थांबते, आणि उतारावरच्या चाकोरीतून पुढचा पाऊस माती घेऊन वाहतो. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पावसावर जगणाऱ्या जिल्ह्याला हे परवडणारे नाही. म्हणून वाट सोडण्याआधी खाली उतरून मूठभर माती दाबून पाहा. ती हाताला चिकटत असेल, तर वाफसा येईपर्यंत गाडी डांबरीवरच राहू द्या.