सात कलांची चूक, दहा पृथ्वींचा ग्रह

पीएसआर 1829-10 हा स्पंदक तारा सेकंदाला तीनदा स्वतःभोवती फिरतो. वर्षाला साडेनऊ कोटी फेऱ्या. वस्तुमान सूर्याहून जास्त, गोळा मात्र जेमतेम 20 किलोमीटर रुंदीचा. जुलै 1991 मध्ये इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेच्या अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये जाहीर केलं, की या ताऱ्याचे रेडिओ ठोके सहा महिन्यांच्या तालात सुमारे 8 मिलिसेकंद मागेपुढे होतात. तेवढ्या वेळात प्रकाश 2,400 किलोमीटर जातो. म्हणजे ताऱ्याला कुणीतरी तेवढं अलीकडे-पलीकडे ओढतंय. हिशेबातून पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा ग्रह निघाला.

खटकत होते ते सहा महिने. पृथ्वीच्या वर्षाच्या बरोबर निम्मे!

पृथ्वी फिरत असल्यामुळे ठोके कधी लवकर पोचतात, कधी उशिरा. म्हणून प्रत्येक ठोक्याची वेळ आधी सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर नेऊन ठेवतात, आणि त्या दुरुस्तीसाठी ताऱ्याचं आकाशातलं नेमकं स्थान लागतं. इथे संगणकाला दिलेलं स्थान सुमारे 7 कलांनी चुकलं होतं. चंद्रबिंबाच्या चौथ्या भागाएवढंही अंतर नाही हे. पण सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला प्रकाशाला 499 सेकंद लागतात. 7 कला म्हणजे 0.002 रेडियन, गुणाकार केला, की चूक जवळजवळ एक सेकंदाची होते.

अख्ख्या सेकंदाची चूक लपली कशी? खरं तर ती लपलीच नाही. ती वर्षाच्या तालात येते, आणि असा वार्षिक ताल दिसला की स्थान चुकलंय हे अभ्यासक ओळखतात, ते सुधारतात. घोळ पुढे झाला. पहिल्या दुरुस्तीत पृथ्वीची कक्षा शुद्ध वर्तुळ धरली होती आणि सुधारलेलं स्थान घेऊन सगळा हिशेब पुन्हा केला गेला नव्हता. कक्षा 1.67 टक्क्यांनी विकेंद्री आहे. एका सेकंदाचे 1.67 टक्के घ्या. लंबवर्तुळाच्या गणितात त्याचा निम्मा भाग सहामाही तालात उतरतो. उत्तर 8 मिलिसेकंदांच्या आसपास. ग्रहाचं सगळं वजन एवढ्यातूनच आलं होतं. वर्षभराच्या काळात 8 मिलिसेकंद म्हणजे 400 कोटींत एक भाग, तरी तो मोजला गेला, हे मला या चुकीइतकंच थक्क करणारं वाटतं.

जानेवारी 1992 मध्ये अटलांटातल्या अमेरिकन अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या अधिवेशनात लाइन ग्रहाबद्दल बोलणार होते. त्यांनी ग्रह नाहीच असं सांगितलं आणि चूक कुठे झाली ते उलगडून दाखवलं. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत राहिलं. हा मान त्यांनी कमावलेला होता. स्वतःचा एवढा मोठा शोध स्वतःच तपासून मागे घ्यायला फार बळ लागतं.

त्यांच्यानंतर बोलायला उभे राहिले अलेक्झांडर वोल्श्चान. अरेसिबोच्या 305 मीटर दुर्बिणीतून त्यांना पीएसआर 1257+12 या दुसऱ्या स्पंदकाभोवती दोन ग्रह दिसले होते, 66 आणि 98 दिवसांचे. या ताऱ्याचं स्थान त्यांनी फक्त ठोक्यांच्या हिशेबावर सोडलं नव्हतं. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या 27 अँटेनांच्या दुर्बिणीवर डेल फ्रेल यांनी ते स्वतंत्रपणे मोजलं होतं. ते दोन्ही ग्रह आजही यादीत आहेत.