सिद्दी समाज : इतिहास आणि अस्मिता

आफ्रिकेतून भारतात आलेल्यांच्या वंशजांना ‘सिद्दी’ म्हणतात. मराठी विद्यार्थ्याला सिद्दी परिचित असतो तो बहुधा जंजिऱ्याचा शत्रू म्हणून. तथापि शिरूर-दौंडचा मुलूख ज्या अहमदनगरच्या निजामशाहीत होता, तिचा कारभार मलिक अंबर (मृत्यू १६२६) या गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशाने सांभाळला व जमीनमहसुलाची घडी बसविली. आज उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी कोकणी बोलतात. हिंदू, मुस्लीम व ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत विभागलेल्या या समाजाला ‘दमाम’ हे चर्मवाद्य एकत्र आणते. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. मेक्सिकोनेही आफ्रिकी वंशाच्या समाजाला २०१९ मध्ये राज्यघटनेत मान्यता देऊन २०२० च्या जनगणनेत त्याची स्वतंत्र नोंद केली. सारांश, अस्मितेला स्मृतीइतकीच शासकीय नोंदही आवश्यक असते. म्हणूनच सिद्दींचा अभ्यास सहनागरिक म्हणून होणे अगत्याचे आहे.