पेचकस कसा निवडावा?

महाराष्ट्राच्या किनाऱ्याने उत्तरेकडे जात राहिले, की अगदी शेवटी झाई हे मच्छीमारांचे गाव लागते. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील या गावापलीकडे गुजरातची हद्द सुरू होते. मासेमारीच्या बोटींवर आता डिझेल इंजिने असतात. समजा, भर समुद्रात अशा इंजिनावरचे एखादे झाकण उघडायची वेळ आली आणि स्क्रूच्या डोक्यावरची खाच घासून गुळगुळीत झालेली आढळली, तर काय होईल? आतला दोष कितीही किरकोळ असो, हात तेथवर पोचणारच नाही!

म्हणून यंत्रकामात स्क्रूची खाच जपणे महत्त्वाचे, आणि ती जपायची तर पेचकस योग्य हवा. कारखान्यात याला स्क्रू ड्रायव्हर म्हणतात. गुजरातीत डिसमिस म्हणतात. नाव कोणतेही घ्या, त्याची पारख एकच.

किनाऱ्यावर ही गरज अधिकच भासते. खाऱ्या पाण्यातून विजेचे वहन सहज होते, आणि गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया असल्यामुळे तेथे लोखंड लवकर गंजते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो. स्क्रूच्या आट्यांत तो दाटून बसला, की स्क्रू घट्ट आवळला जातो. तो फिरवायला जोर जास्त लागतो, आणि हा सारा जोर त्या इवल्याशा खाचेवर येतो.

आता पेचकसाचे टोक पाहू या. साध्या, सरळ खाचेसाठी पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी आणि जाडी खाचेच्या रुंदीइतकी असावी. पाते पातळ असेल तर ते खाचेत तिरके होऊन केवळ दोन कोपऱ्यांवर टेकते. बल तेच, पण क्षेत्रफळ अगदी थोडे. म्हणजे दाब प्रचंड! मग खाचेच्या कडा दबतात व फाटतात. पाते पाचरीसारखे निमुळते असेल, तर फिरवताना ते वर सरकून बाहेर पडू पाहते. म्हणून टोकाजवळ पात्याच्या दोन्ही बाजू शक्यतो समांतर असलेला पेचकस पसंत करावा.

फुलीच्या खाचेची गोष्ट थोडी वेगळी आहे. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांच्या नावाने ओळखला जाणारा हा प्रकार १९३६ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यात वापरात आला. टोक आपोआप मध्यभागी बसते, हा त्याचा मोठा गुण. परंतु या खाचेच्या भिंती उतरत्या असल्यामुळे जोर वाढला, की टोक वर ढकलले जाते. यासाठी फिरवताना पेचकस खाली दाबून धरावा लागतो. या टोकांना ०, १, २, ३ असे क्रमांक असतात. क्रमांक २ च्या खाचेत क्रमांक १ चे टोक जाते खरे, पण खाच बिघडवूनच बाहेर येते. फुलीच्या मधल्या जागेत आणखी चार बारीक रेषा दिसल्या, तर तो पोझिड्राइव्ह प्रकार समजावा. काही जपानी यंत्रांच्या स्क्रूंवर एक लहान ठिपका असतो. त्यांची खाचही किंचित निराळी असते. प्रत्येकाला त्याचेच टोक हवे.

पेचकस जितका लांब तितका जोर जास्त, असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. जोर ठरतो मुठीच्या जाडीवर. चाक आणि आस यांचा नियम तुम्ही शिकला आहात. मुठीचा व्यास ३० मिलिमीटर आणि पात्याची रुंदी ६ मिलिमीटर असेल, तर त्रिज्या १५ व ३ होतात. म्हणजे मुठीच्या कडेला लावलेले बल पात्याच्या कडेला सुमारे पाचपट होऊन मिळते. मूठ २० मिलिमीटरची असेल, तर ते जेमतेम सव्वातीनपट होते. लांब दांड्याचा उपयोग अडचणीच्या जागी पोचण्यासाठी. पडताळा घ्यायचा असेल, तर बारीक मुठीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि लाकडात घट्ट बसवलेला स्क्रू आधी व नंतर फिरवून पाहा. मूठ जाड होते, पकडही सुधारते.

पोलादही पारखावे लागते. ते फार मऊ असेल तर टोक पिळले जाते. फार कठीण असेल तर तुकडा उडतो. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद योग्य प्रकारे तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवले की कठीणपणा व चिवटपणा यांचा मेळ बसतो. झिजलेले टोक सहाणेच्या चाकावर घासताना ते वारंवार पाण्यात बुडवा. ते निळे पडेपर्यंत तापले, तर हा मेळ बिघडतो.

दुकानात जाताना आपल्या कामातले दोन-तीन स्क्रू खिशात न्या. स्क्रूच्या खाचेत टोक बसवून हलकेच डावी-उजवीकडे हलवा. ते खडखडले तर दुसरे मागा. एकच महाग पेचकस घेण्यापेक्षा वेगवेगळ्या मापांचे चार चांगले पेचकस घेणे शहाणपणाचे. विजेच्या कामासाठी मात्र नुसती प्लास्टिकची मूठ पुरेशी नाही. १००० व्होल्ट असा शिक्का असलेलाच पेचकस घ्या आणि तरीही आधी मेन स्विच बंद करा.

गंजलेला स्क्रू समोर आला, तर घाई करू नका. खाचेतील गंज व रंग टोकदार सळईने काढा, आट्यांवर तेल सोडा आणि ते आत मुरू द्या. मग बरोबर मापाचे टोक सरळ उभे धरून, दाबून, सावकाश पीळ द्या. खाच शाबूत राहिली, तर आज न निघालेला स्क्रू उद्या निघेल.