वृद्धांच्या ताटातील प्रथिनांचा जमाखर्च

आम्ही बँकेत काम करतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनसाठी येणारी वृद्ध मंडळी आमच्या नित्य परिचयाची आहेत. बाकावरून उठताना कठड्याचा आधार शोधणे, सही करताना हात थकणे, ह्या गोष्टी "वय झाले" म्हणून आम्हीही सोडून देत होतो. परंतु दोन वर्षांपूर्वी आमची आई न्हाणीघरात पाटावर बसली ती तिला उठताच येईना. ती पडली नव्हती, कोठे लागले नव्हते. केवळ मांड्यांत जोर राहिला नव्हता. तेव्हापासून आम्ही ह्या विषयाचे मिळेल ते वाचू लागलो आणि डॉक्टरांनाही विचारीत गेलो. आम्ही कला शाखेचे पदवीधर, डॉक्टर नव्हे. तरी जे समजले ते सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

आपले स्नायू प्रथिनांचे बनलेले असतात. रोज थोडे झिजतात, रोज थोडे बांधले जातात. तरुणपणी ही बांधणी थोड्या प्रथिनावरही भागते. म्हातारपणी तेवढ्याच अन्नाला स्नायू पूर्वीसारखी दाद देत नाहीत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, स्नायूंची बांधणी पुरती सुरू व्हावयास एका जेवणात तरुणाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिन पुरते, तर वृद्धाला ०.४० ग्रॅम लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम हे प्रमाण दिले. पासष्टीपुढील माणसांसाठी मात्र २०१३ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने १ ते १.२ ग्रॅम सुचविले आहे. म्हणजे भूक कमी होते, त्याच वयात गरज वाढते. अडचण येथेच आहे.

आईचे वजन ५० किलो. तिला दिवसाला निदान ५० ग्रॅम प्रथिन हवे. एका रविवारी आम्ही कागद घेऊन तिचा जमाखर्च मांडला. सकाळी चहा आणि दोन टोस्ट, साडेतीन ग्रॅम. दुपारी एक ज्वारीची भाकरी सहा ग्रॅम, पातळ वरण तीन, भाजीचे एक. संध्याकाळचा चहा दीड. रात्री चार घास भात आणि तेच वरण, सात. एकूण बावीस! शरीर उरलेली रक्कम मुदलातून म्हणजे स्नायूंतून काढीत होते. आणि हे आमच्या घरात, जेथे दोन पगार येतात. वरण तर दोन्ही वेळा होते. पण वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ फार तर पंधरा ग्रॅम असते, हे आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. घरात अंडी येत. ती, "पोरांना दे, माझं काय आता राहिलंय?" असे म्हणून नातवाच्या ताटात ढकलली जात.

आता कोणते प्रथिन चांगले? अंडे, दूध, मासे, मांस यांचे प्रथिन सहज पचते आणि स्नायूंना लागणारे सर्व घटक त्यात पुरेसे असतात. त्यांतील ल्युसिन नावाचा घटक बांधणीचे काम सुरू करून देतो. धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. म्हणून भाकरीबरोबर डाळ घेतली की एकीची उणीव दुसरी भरून काढते. आपल्या आजी-पणजीने हे शास्त्र न वाचताच केले. मात्र निव्वळ डाळ-भाकरीवर पन्नास ग्रॅम गाठावयाचे तर ताट मोठे लागते, आणि ते म्हाताऱ्या माणसाला संपत नाही. शिवाय बी-१२ हे जीवनसत्त्व डाळी-धान्यांत नसते.

याचा अर्थ कडधान्ये हलकी असा कोणी घेऊ नये. अमेरिकेतील सुमारे ४८ हजार परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ साली आले. मध्यम वयात वनस्पतिजन्य प्रथिने अधिक खाणाऱ्या स्त्रिया म्हातारपणी अधिक निरोगी राहिल्याचे त्यात आढळले. तेव्हा चाळिशीतल्या आपण उसळी वाढवाव्यात आणि सत्तरीतल्या आईला उसळीबरोबर अंडेही द्यावे, असा आम्ही आमच्यापुरता अर्थ लावला आहे.

दातांचा प्रश्न निराळाच. आमच्या आजोळी, मराठवाड्यात, वाळवलेल्या मांसाच्या चान्या मडक्यात भरून ठेवीत. त्या प्रथिनाने भरलेल्या असतात, पण दात नसलेल्याने काय कराव्यात? मऊ काहीतरी हवे. आम्ही आईच्या आहारात पुढील भर घातली: एक उकडलेले अंडे (सहा ग्रॅम), मोड आणून मऊ शिजवलेली तीस ग्रॅम मटकी (सात), पेलाभर दूध (सहा), कुटलेली शेंगदाण्याची चटणी वीस ग्रॅम (पाच) आणि सुक्या जवळ्याची दहा ग्रॅम चटणी (सहा). बेरीज बावन्नाच्या आसपास जाते. सुक्या मासळीत जवळजवळ साठ टक्के प्रथिन असते. मीठ मात्र फार, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ती गरम पाण्यातून दोनदा धुवावी किंवा टाळावी. औषधाच्या दुकानातील प्रथिनांचे डबे आम्ही घेतले नाहीत. ज्यांना घासच गिळवत नाही त्यांना ते उपयोगी पडतात. इतरांनी त्या किमतीत किती अंडी येतात याचा हिशेब करावा.

एक गोष्ट महत्त्वाची. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढविणे घातक ठरू शकते. मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांत तो पुष्कळदा लपून असतो. म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घ्यावी, डॉक्टरांना विचारावे, मगच ताट बदलावे. आम्हीही आईची तपासणी आधी केली. तसेच नुसते खाऊन जोर येत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, जमेल तितक्या वेळा, हे डॉक्टरांनी तिला रोजचे सांगितले होते.

सहा महिन्यांनी ती भिंतीला एक हात लावून पाटावरून उठू लागली. अंडे अजूनही नातवाच्या ताटात जाते. म्हणून आम्ही आता दोन उकडतो, आणि ती खाईपर्यंत समोर बसतो.