अटलांटिस : कधीं न बांधलेलें बंदर



ज्या बंदराविषयीं आज मी बोलणार आहें, त्या बंदरांत एकहि जहाज कधीं आलें नाहीं. त्याचा एकहि दगड कोणी घडविला नाहीं. तरीहि त्याचा कालवा किती रुंद होता, किती खोल होता, त्याच्या तटाला कोणत्या धातूचा मुलामा होता, हें सर्व आपणांस सांगतां येतें. त्या बंदराचें नांव अटलांटिस.

या नांवाशीं माझी एक जुनी चूक जडलेली आहे, ती आधीं सांगून टाकतों. मी शाळामास्तर होतों. एके दिवशीं भूगोलाच्या तासाला अटलांटिक महासागराचा नकाशा भिंतीवर लावला होता. मुलांना गोडी वाटावी म्हणून कोणत्याशा पुस्तकांत वाचलेली या बुडालेल्या शहराची हकीकत मीं त्यांना सांगितली. नुसती सांगितली नाहीं, तर फळ्यावर एकांत एक वर्तुळें काढून प्रत्येकाचें माप लिहून दाखविलें. वर्ग तल्लीन झाला. तेवढ्यांत मागच्या बांकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "गुरुजी, हें मोजलें कोणी?" मजजवळ उत्तर नव्हतें. "आगाऊपणा करूं नकोस, खालीं बैस," असें म्हणून मीं त्याला गप्प केलें. तो बसला, आणि वर्गानें सर्व मापें वह्यांत उतरून घेतलीं. पुढें सेवानिवृत्त झाल्यावर, मॅट्रिकपुरत्या इंग्रजीच्या बळावर आणि कोश जवळ घेऊन, जोवेट यांनीं केलेलें मूळ ग्रीक ग्रंथाचें भाषांतर मीं वाचलें. तेव्हां त्या प्रश्नाचें मोल मला कळलें.

हें शहर प्रथम आढळतें तें प्लेटो या तत्त्ववेत्त्याच्या 'टिमियस' व 'क्रिटियस' या दोन संवादांत. इ. स. पूर्व ३६० च्या सुमारास ते लिहिले गेले असावेत. अथेन्सचा शहाणा कायदेकार सोलोन हा मिसर देशांतील सैस या नगरीं गेला असतां तेथील पुजाऱ्यांनीं त्याला ही कथा सांगितली, असें त्यांत म्हटलें आहे. सोलोनच्या पूर्वीं ९,००० वर्षें, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीपलीकडे एक विशाल बेट होतें. तें समुद्रदेव पोसायडन याच्या वांट्याला आलें, आणि त्याच्या दहा पुत्रांचे वंशज तेथें राज्य करीत.

त्या बेटावरील राजधानीची रचना अशी. स्टेडियन हें ग्रीकांचें अंतराचें माप. तें सुमारें ६०० फुटांचें. शहराच्या मधोमध ५ स्टेडियन व्यासाचें वाटोळें बेट. त्याभोंवतीं १ स्टेडियन रुंदीचें पाण्याचें कडें, त्याबाहेर २ रुंदीचें जमिनीचें, मग २ चें पाण्याचें, ३ चें जमिनीचें, आणि सर्वांत बाहेर ३ चें पाण्याचें. समुद्रापासून या बाहेरच्या पाण्यापर्यंत ५० स्टेडियन, म्हणजे जवळजवळ तीन कोस लांबीचा कालवा. त्याची रुंदी ३०० फूट व खोली १०० फूट. जमिनीचीं कडीं आरपार कापून एका वेळीं एक युद्धनौका जाईल एवढी वाट ठेविलेली, व तिच्यावर छप्पर घातलेलें; वरून माणसें चालत आणि खालून जहाज जाई. बाहेरच्या तटाला कांशाचा, त्याच्या आंतल्याला कथलाचा, आणि राजगडाच्या तटाला अग्नीप्रमाणें झळकणाऱ्या ऑरिकॅल्कम नांवाच्या धातूचा मुलामा. बंदरांत देशोदेशींच्या व्यापाऱ्यांची एवढी दाटी, कीं तेथला कोलाहल दिवसा काय आणि रात्रीं काय, थांबत नसे.

यांतील एक बारीक गोष्ट मला विशेष वाटते. बेटाच्या पोटांतून पांढरा, काळा व तांबडा दगड काढून शहरांतील इमारती बांधल्या, आणि दगड काढल्यानें जी पोकळी झाली तिचीच गोदी केली. तिला छप्पर म्हणजे वरचा खडकच. ज्यानें कधीं घर बांधविलें आहे, त्याला हा हिशेब ताबडतोब पटेल. भव्य, दिव्य असे शब्द वाचून आपण मान डोलावतों. पण खाणीचीच गोदी झाली असें वाचलें, कीं आपला विश्वास बसतो. त्यांत आपल्याकडे द्वारका समुद्रांत बुडाल्याची कथा लहानपणापासून कानांवर पडलेली. त्यामुळें बुडालेलें नगर म्हटलें कीं आपलें मन आधींच अर्धें वळलेलें असतें.

आतां त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. प्लेटोच्या पूर्वींच्या जे ग्रंथ आज उपलब्ध आहेत, त्यांपैकीं एकांतहि या बेटाची कथा नाहीं. इतिहासकार हेरोडोटस हा प्लेटोच्या या लेखनापूर्वीं सुमारें शंभर वर्षें मिसर देशांत हिंडला. सैस येथील देवालयाच्या एका अधिकाऱ्याशीं झालेलें बोलणेंहि त्यानें लिहून ठेविलें आहे. पण अटलांटिसविषयीं एक अक्षरहि नाहीं. दुसरें असें, कीं कथेंतला काळ आजपासून सुमारें ११,६०० वर्षांमागचा. त्या वेळीं माणूस कोठें शेतीच्या आरंभाशीं येऊन पोंचला होता. कांसें, युद्धनौका आणि लेखन हीं सर्व फार पुढचीं. तिसरें, विसाव्या शतकांत महासागराच्या तळाची पाहणी झाली. अटलांटिकच्या मध्यावर डोंगरांची एक लांबलचक रांग असून तेथें नवा खडक सतत वर येतो व दोहों बाजूंस सरकतो, असें आढळून आलें. बुडालेल्या खंडाला त्या तळांत जागाच नाहीं.

मग ही कल्पना आली कोठून? प्लेटोच्या हयातींतच, इ. स. पूर्व ३७३ मध्यें, ग्रीसमधील हेलिकी हें किनाऱ्याजवळचें नगर भूकंप होऊन एका रात्रींत पाण्याखालीं गेलें. त्याहून पुष्कळ शतकें आधीं थीरा बेटावर ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन एक भरभराटलेली वस्ती राखेखालीं गाडली गेली होती. १९६७ पासून तिचें उत्खनन झालें आहे. अशा आठवणींतून बुडण्याचा प्रसंग सुचला असेल. परंतु बंदर सुचलें तें अथेन्सवरून, असें अनेक विद्वान् मानतात, आणि मलाहि तें पटतें.

अथेन्स हें बंदराच्या जोरावर मोठें झालें. पायरिअस हें त्याचें बंदर. शहरापासून बंदरापर्यंत लांब भिंती बांधून त्यांनीं समुद्राची वाट सुरक्षित केली होती. आरमार वाढलें, खंडणी आली, हांव वाढली. इ. स. पूर्व ४१५ मध्यें सिसिली जिंकण्यासाठीं मोठें आरमार निघालें; ४१३ मध्यें त्याचा समूळ नाश झाला. ४०४ मध्यें अथेन्स शरण गेलें आणि त्या लांब भिंती पाडण्यांत आल्या. प्लेटो त्या वेळीं तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण होता. उतारवयांत लिहिलेल्या 'लॉज' या ग्रंथांत नव्या नगरासाठीं जागेचा विचार चालला आहे. ती जागा समुद्रापासून ८० स्टेडियनवर आहे असें कळतांच, तेवढें अंतरहि त्यांतील वृद्धाला अपुरें वाटतें. समुद्राचा शेजार रोजचा सुखाचा खरा, पण त्यामुळें शहरांत देवघेवीची वृत्ति शिरते आणि माणसाचा माणसावरचा विश्वास उडतो, असें त्याचें म्हणणें.

तें सर्वस्वीं मान्य करावें असें मात्र नाहीं. बंदरानें धान्य येतें, तशी विद्याहि येते. प्लेटोच्याच 'रिपब्लिक' ग्रंथांतील न्यायाची चर्चा पायरिअस बंदरांत, परदेशाहून येऊन स्थायिक झालेल्या एका धनिकाच्या घरीं झाल्याचें दाखविलें आहे! परंतु त्याचें दुःख खरें होतें. म्हणून कथेंत अटलांटिसच्या विरुद्ध त्यानें उभें केलें तें प्राचीन अथेन्स; ज्याच्या रक्षकांना सोन्यारुप्याचा स्पर्श नाहीं, आणि तरीहि जें त्या बलाढ्य आरमारी सत्तेचा पराभव करतें. अथेन्सच्या लोकांना त्यानें त्यांचेंच आजचें रूप शत्रूच्या वेषांत दाखविलें.

'क्रिटियस' संवादाचा शेवट तर चटका लावणारा आहे. पूर्वीं त्या राजांना संपत्तीचें ओझें वाटे. पुढें त्यांच्यांतला देवाचा अंश क्षीण झाला; ज्यांना दृष्टि नाहीं त्यांना ते वैभवाच्या शिखरावर दिसत, पण ज्यांना दृष्टि होती त्यांना त्यांचा ऱ्हास दिसत होता. त्यांना शासन करावें म्हणून झ्यूसनें सर्व देवांची सभा भरविली, आणि तो बोलूं लागणार, एवढ्यांत लेखन अर्ध्या वाक्यावर तुटलें आहे. तें पुढें कधीं लिहिलें गेलें नाहीं.

१८८२ मध्यें इग्नेशियस डॉनेली या अमेरिकन गृहस्थानें अटलांटिस खरोखरच होऊन गेलें असें प्रतिपादणारा मोठा ग्रंथ लिहिला, आणि तेव्हांपासून शोधणाऱ्यांची रीघ लागली. त्यांनीं मापें पाहिलीं. इशारा पाहिला नाहीं. मींहि फळ्यावर तेंच केलें.

तो मुलगा आतां चांगला कर्ता माणूस झाला असेल. तो हें भाषण ऐकत असेल तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे : बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. तें शहर कोणींच मोजलें नाहीं. तीं मापें एका थोर माणसानें आपल्या गांवाच्या काळजीपोटीं लिहिलीं. आणि तीं त्यानें कां लिहिलीं, हा पुढचा प्रश्न विचारावयास मीं तुला त्याच दिवशीं शिकवावयास हवें होतें. तें माझ्या हातून राहून गेलें.