बघत उभं राहणारं मूल

पेन्सिलीची पकड या आठवड्यात घ्यायची ठरली होती, पण ती पुढे ढकलावी लागते आहे. किकवी परिसरातल्या एका अंगणवाडी ताईंचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न ताटकळत ठेवण्यासारखा नाही. साडेतीन वर्षांची एक मुलगी रोज येते आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. गाणं म्हणत नाही, फेरात येत नाही, ठोकळ्यांना हात लावत नाही. ताईंनी नोंदवहीत लिहिलं, ‘बुजरी आहे, भाग घेत नाही.’ एवढं पुरे का, असं त्या विचारतात.

मुळीच पुरे नाही. ‘बुजरी’ हा निकाल झाला. नोंद अजून व्हायची आहे.

खरा ऐवज ताईंनीच पत्राच्या शेवटी जाता जाता दिला आहे. मुलगी उभी असते ती मदतनीस ताईंच्या अंगाला, खिचडीच्या पातेल्याजवळ. फ्रॉकचं टोक मुठीत धरलेलं. दोन मुलगे वाटीनं वाळू मापायला लागले, की वाटी जाईल तिकडे हिची मान वळते. गाण्याच्या वेळी ओठ हलतात, आवाज फुटत नाही. आणि घरी गेल्यावर तेच गाणं हातवाऱ्यांसकट आजीला म्हणून दाखवते! हे सगळं तारीख घालून वहीत उतरायला हवं होतं. त्यात लक्ष आहे, स्मरण आहे, भाषा आहे.

अमेरिकेत मिल्ड्रेड पार्टन यांनी मिनेसोटातल्या शिशुशाळेत लहान मुलांचा खेळ एकेका मिनिटाच्या तुकड्यांत टिपला आणि 1932 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या सहा प्रकारांत दुसऱ्यांचा खेळ लक्ष देऊन बघणं हा स्वतंत्र प्रकार आहे. नुसतं रिकामं असणं वेगळं. मुलं या पायऱ्या क्रमानंच चढतात असं मात्र नाही, हे पुढच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं.

आपल्याकडचा दाखला तर अधिक जवळचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात. त्यांना शिकायचं नाही, असा अर्थ या दोघींनी काढला नाही. बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. महागड्या साधनांच्या जागी खडे, बिया, पानं, शिंपले आले.

किकवीच्या ताईंनीही वाळूचं घमेलं दाराशी आणावं. मुलीला हाक मारू नये, ‘ये ना, ये ना’ म्हणून ओढू नये. पंधरा दिवस फक्त लिहावं : वार, वेळ, कुणाजवळ होती, हातांनी काय केलं, काय बोलली.

एक गोष्ट मात्र वेगळी. मूल घरीही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरत चाललं असेल, तर नुसतं बघत बसू नये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं. त्यांची फेरी लांब असेल, तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

पेन्सिल पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर रेघोट्यांचे कागद कुणी टाकून देऊ नयेत. प्रत्येकाच्या पाठीमागे तारीख आणि मुलानं कोणता हात वापरला, एवढं लिहून ठेवावं. तेच कागद समोर घेऊन बसायचं आहे.