पेण-रोह्यात चातक आलाय, असा ओळखा!

काल पेणहून रोह्याला जाताना नागोठण्याच्या अलीकडे विजेच्या तारेवर यंदाचा पहिला चातक दिसला. 😍

ओळख सोपी आहे. वरून काळा, खालून पांढरा, डोक्यावर टोकदार शेंडी. आकार साधारण साळुंकीपेक्षा मोठा, शेपटी लांब. उडाला की पंखांवरचा पांढरा पट्टा आणि शेपटीची पांढरी टोकं चटकन दिसतात. आवाज 'पिऊ... पिऊ... पी-पी-पिऊ'.

'पेर्ते व्हा' ओरडणारा पावशा वेगळा. तो राखाडी, बिनशेंडीचा आणि शिक्र्यासारखा दिसतो. शेंडी आहे पण पंख तांबूस आणि गळा केशरी असेल, तर तो चातकाचाच भाऊबंद, पण दुसरी जात.

आपल्याकडे पावसाळ्यात येणारे चातक आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून येतात, असं मानलं जातं. त्यांचा मार्ग शोधण्यासाठी भारतीय वन्यजीव संस्थेने 2020 मध्ये देहरादूनला दोन चातकांना उपग्रह टॅग लावले होते.

फक्त पावसाचं पाणी पितो ही कविकल्पना. खरं खाणं म्हणजे केसाळ सुरवंट! घरटं मात्र बांधत नाही, अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो. सातभाईंचा थवा दिसला की आसपास नजर ठेवा.

कुठे बघाल? शेताच्या कडेची झुडपं, माळरान, उघडी झाडी. फणसाड आणि कर्नाळा अभयारण्याच्या कडेलाही शोधा. वेळ सकाळची.

सातभाईंच्या घरट्याजवळ जाऊ नका, आवाज वाजवून चातकाला बोलावू नका. तुमच्या गावात दिसला का? फोटो टाका, ओळखायला मदत करतो.